वारस नोंदीचे चार महिने आणि आमची ब्लॉकचेन

वडील १९ नोव्हेंबर २०२४ ला गेले. तेराव्याला पाहुणे पांगले आणि थोरल्या आत्याचे यजमान चपला घालता घालता म्हणाले, "उताऱ्यावर नावं लावून घ्या लवकर. लांबलं की लांबतच जातं." मी मान हलवली. मनात म्हटलं, त्यात काय, सगळं ऑनलाइन तर आहे. त्या 'त्यात काय'ला २१ जानेवारी ते २० मे, म्हणजे बरोबर चार महिने लागले. कोणाच्या घरी असाच प्रसंग असेल तर त्याच्या एकदोन फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे लिहून ठेवतोय.

आधी एक कबुली. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गेली दोन वर्षं आमच्या टीमचं काम ब्लॉकचेनवर, म्हणजे एकदा लिहिलेलं गुपचूप बदलता येत नाही अशा नोंदींच्या साखळीवर आहे. गिऱ्हाइकांना दाखवायला आम्ही एक नमुना केलाय: गावच्या जमिनीची नोंद ब्लॉकचेनवर. एक शेतकरी बटण दाबतो, दुसरा बटण दाबतो, जमीन याच्या नावावरून त्याच्या नावावर. नऊ सेकंद. मी स्वतः तो दहा वेळा तरी लोकांपुढे चालवून दाखवलाय. त्या नमुन्यात कोणी मरत नव्हतं.

२१ जानेवारी, मंगळवार. आमच्या सज्जात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, तीन गावं, त्यामुळे तलाठी भाऊसाहेब आमच्या चावडीत मंगळवारी आणि शुक्रवारीच बसतात. (सरकारनं २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' केलंय. गावात अजून कोणाच्या तोंडी बसलेलं नाही, माझ्याही नाही.) आधी फोन करून जा, कारण त्या दिवशीही तहसीलला मीटिंग लागली की खोलीला कुलूप असतं. मी फोन न करता गेलो होतो. दोन तास पारावर बसलो.

भाऊसाहेबांनी सांगितलं ते असं. वारस नोंदीची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४९. अर्ज 'ई-हक्क' या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. सोबत मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार कार्डं आणि पोलीस पाटलांचा किंवा सरपंचांचा वारसांबद्दलचा दाखला. नोंदीला फी नाही. हे शेवटचं वाक्य नीट ऐका, कारण तहसीलच्या फाटकाबाहेर एका गृहस्थानं मला "पाच हजारात आठ दिवसांत करून देतो" म्हणून सांगितलं. आठ दिवसांत होऊच शकत नाही. का ते पुढे येईल.

प्रतिज्ञापत्राला मी पाचशेचा मुद्रांक घेतला, कारण टायपिस्ट म्हणाला लागतोच. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे मला एप्रिलमध्ये कळलं. पाचशे रुपये गेले ते गेले.

२ फेब्रुवारीला, रविवारी, पुण्यात बसून अर्ज भरला. मोबाइल नंबरवर खातं उघडायचं, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, फेरफाराचा, म्हणजे नोंदीतल्या बदलाचा, प्रकार 'वारस नोंद', मग मयताचा खाते क्रमांक. हा क्रमांक आठ-अच्या, म्हणजे खातेदाराची गावातली सगळी जमीन दाखवणाऱ्या, उताऱ्यावर असतो. म्हणून आधी डिजिटल सहीचे सातबारा आणि आठ-अ काढून समोर ठेवा, पंधरा रुपयांना एक. मग वारसांची नावं आणि मयताशी नातं. मी लिहिली तीन: आई, मी, बहीण.

११ फेब्रुवारीला अर्ज त्रुटी म्हणून परत. दोन कारणं होती. पहिलं नावाचं. सातबारावर वडिलांचं नुसतं हाक मारायचं नाव, तर मृत्यू दाखल्यावर आधारमधलं, 'साहेब' लागलेलं. तीच व्यक्ती, पण कागदाला कोण सांगणार? यावर उपाय म्हणजे प्रतिज्ञापत्रात आणि पोलीस पाटलांच्या दाखल्यात दोन्ही नावं 'उर्फ' घालून लिहायची. शक्य असेल तर दाखला काढतानाच उताऱ्याशी नाव ताडून बघा. त्या दिवसांत कोणाला हे सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं.

दुसरं कारण वाचून मला लाज वाटली. फोनवर भाऊसाहेब म्हणाले, "तुमच्या आजी हायेत ना? त्यांचं नाव कुठंय?"

हिंदू उत्तराधिकार कायद्यात मयताची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीनं वर्ग एकची वारस आहे. (मयताचे वडील त्या वर्गात नाहीत, हेही तेव्हाच कळलं.) आजी शहाऐंशीची. गावी गेलो की रोज माझ्यासमोर बसून चहा पिणारी बाई मी यादीत धरलीच नव्हती. मुद्दाम नाही, पण वारस म्हटल्यावर डोळे खालच्या पिढीकडे जातात, वर कोणी बघत नाही. आता सगळं साखळीवर टाकणाऱ्या माझ्या नमुन्यात हा अर्ज घाला. तीन नावांवर तिघांच्या डिजिटल सह्या, सगळं गणिती काटेकोर, आणि आजी गायब. पुढे कोणी बदलू शकणार नाही अशा बंदोबस्तात गायब.

२३ फेब्रुवारीला चार नावांचा अर्ज पुन्हा भरला. मग मार्च आला, आणि मार्चअखेर महसूल खात्यात वसुलीशिवाय दुसरं काही हलत नाही. इलाज नाही. मी त्या महिन्यात फोन करून करून भाऊसाहेबांना वैतागवलं. तेवढं करू नका.

पण मार्च अगदीच वाया गेला नाही. सातबारावर वडिलांच्या नावापुढे कंसात एक फेरफार क्रमांक होता, १९८७ सालचा. आजोबा गेल्यावरचा. भाऊसाहेब म्हणाले होते की मागचा वारस फेरफार काढून ठेवा, सर्कलसाहेब (नोंद मंजूर करणारे मंडळ अधिकारी) विचारतील. काही तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन 'ई-अभिलेख' वर मिळतात. मला आमचा मिळाला नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फीचं तिकीट लावून नकलेचा अर्ज दिला, आठवड्यानं बोलावलं, गेलो तर अजून निघाली नव्हती, पुढच्या शुक्रवारी मिळाली.

नक्कल देण्याआधी तिथल्या कारकुनांनी ताडून बघायला मूळ वहीच टेबलावर उघडली. फेरफाराची वही, गाव नमुना सहा. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पानाच्या कडा चुरा झालेल्या, निळी शाई तपकिरी पडलेली. डावीकडे नोंदीचा क्रमांक, मग हक्काचं स्वरूप, मग गट नंबर, आणि शेवटच्या रकान्यात वेगळ्या हस्ताक्षरात, लाल शाईत, 'वर्दी, जबाब पाहिले. नोंद मंजूर.' खाली सर्कलची सही. खालच्या ओळीत पुढचा क्रमांक, दुसऱ्या कोणाच्या तरी घरातलं मरण किंवा खरेदी.

ज्या गोष्टीवर मी दोन वर्षं स्लाइडी बनवतोय ती समोर शिवणीच्या दोऱ्यानं बांधलेली होती. ब्लॉकचेन म्हणजे शेवटी काय? नोंदी ओळीनं लावायच्या, प्रत्येक नव्या पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा ठसा उमटवायचा, आणि वहीच्या प्रती बऱ्याच जणांकडे ठेवायच्या. मधलं पान कोणी बदललं तर पुढचे सगळे ठसे चुकतात. तो ठसा म्हणजे हॅश: कुठलीही फाइल घाला, तिच्यावरून आकडे-अक्षरांची एक ठराविक लांबीची ओळ निघते, आणि फाइलीतला एक काना जरी बदलला तरी ओळ पार वेगळी येते. फेरफाराच्या वहीत ओळ आहे, क्रमांक आहे, मंजुरी आहे. ठसा नाही, आणि प्रत एकच.

मग मी नोंद वाचली. 'खातेदार मयत. वारस मुलगा एक, पत्नी एक, मुली दोन. मुलाचे नाव कब्जेदार सदरी, पत्नी व मुली यांची नावे इतर हक्कात दाखल.' त्या काळी आमच्याकडे सर्रास असंच करत. मुलगा वर, मालकाच्या रकान्यात, बायका इतर हक्कात, जिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहितात त्या रकान्यात.

आणि मग लक्षात आलं. नोंदीत मुली दोन आहेत. माझ्या खिशातल्या आताच्या सातबारावर इतर हक्कात आजी आणि थोरली आत्या आहेत. धाकट्या आत्याचं नाव नाही.

ते कधी गळलं कोणास ठाऊक. पूर्वी हाताचे सातबारे दर दहा वर्षांनी नव्यानं उतरवून काढत, पुनर्लेखन म्हणतात त्याला. नंतर हाताचा सातबारा संगणकात चढला. यातल्या कुठल्या तरी उतरवणीत एका बाईचं नाव खाली राहिलं. कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. दिवसाला शेकडो ओळी उतरवणाऱ्या माणसाच्या नजरेतून एक ओळ सुटली.

तर, ब्लॉकचेनवर टीका करायची मला हौस नाही, माझं पोट त्याच्यावर आहे. इथे ती कामाला आली असती. १९८७ च्या नोंदीचा ठसा कुठे तरी असता तर उतरवणीतली गळती त्याच दिवशी दिसली असती. पण आज साखळी सुरू करायची म्हटली तर पहिली कडी कुठली धरणार? आताचा सातबारा. म्हणजे धाकट्या आत्याशिवायचा. गळती झाल्यावर सील ठोकल्यासारखं.

जगात जिथे हे झालंय तिथेही हाच पेच आहे. होंडुरासमध्ये २०१५ साली मोठा गाजावाजा झाला आणि पुढे काम रखडलं. जॉर्जियानं २०१६ पासून उताऱ्यांचे ठसे बिटकॉइनच्या साखळीवर टाकले आणि ते चाललं, पण त्यांनी आधी कितीतरी वर्षं घालून नोंदणी खातंच साफसूफ करून संगणकावर आणलं होतं. आपल्याकडे आंध्रनं २०१७ मध्ये अमरावतीच्या जमिनींसाठी प्रयोग केला. छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात जुन्या नोंदी, सात लाखांवर, साखळीवर नेल्यात. आपल्या गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ मध्ये ६५ हजार जात प्रमाणपत्रं अशीच टाकली. प्रमाणपत्राचं सोपं आहे. एकदा दिलं की दिलं. जमिनीला मागची पिढी असते, पुढची असते, आणि सातबारा हा तसाही मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १५७ म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी धरायची. साखळीवर टाकल्यानं ते 'होईपर्यंत' काही पुसलं जात नाही.

घरी आल्यावर नक्कल आईपुढे ठेवली. आईनं वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. म्हणाली, "आता हे धाकट्या वन्संना सांगायचं का?" त्या प्रश्नात वाईट काही नव्हतं. एकर दोनचं रान, त्यात आमचंच भागत नाही. मी काही बोललो नाही. उत्तर आजीनं दिलं, बाजेवरून, डोळे न उघडता: "दोनीबी माझ्याच हायेत."

मी त्याच रात्री धाकट्या आत्याला फोन केला.

एप्रिलमध्ये अचानक चक्रं फिरली. सरकारची 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झाली: पहिले पाच दिवस चावडी वाचन करून मयत खातेदारांची यादी, २० तारखेपर्यंत कागदपत्रं, १० मे पर्यंत फेरफार. ३ एप्रिलला आमच्या चावडीत यादी वाचली. मी रजा टाकून गेलो होतो. भाऊसाहेब नाव वाचायचे आणि बसलेल्यांपैकी कोणी तरी सांगायचं, गेले, अमुक साली, मुलगा मुंबईला असतो. काही नावं अशी होती की त्यांचे नातूही आता म्हातारे झालेत आणि सातबारावर अजून आजोबाच नांदतायत. वडिलांचं नाव आलं तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, "आपला तो, विहिरीवरचा." मला तेवढं पुरलं.

११ एप्रिलला आजी आणि आईचा जबाब झाला. सर्कलसाहेब स्वतः घरी आले, आजीला चावडीपर्यंत नेणं शक्य नव्हतं म्हणून. हे मी विचारायला भीत होतो, पण विचारल्यावर लगेच हो म्हणाले. तुमच्याकडे असं वयस्कर माणूस असेल तर संकोच करू नका. आजीचा अंगठा घेताना त्यांनी विचारलं, "नाव लावायला तुमची हरकत नाही ना?" आजी म्हणाली, "माझं नाव लावून मी काय वर नेणार हाय का?" साहेबांनी ते जबाबात लिहिलं नाही. 'हरकत नाही' असं लिहिलं.

मग वारस नोंदवहीत, म्हणजे नमुना सहा-क मध्ये, वारस ठरले २२ एप्रिलला. फेरफार क्रमांक पडला २४ तारखेला. आता तो आठ दिवसांचा मुद्दा. फेरफार पडला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावेच लागतात. कलम १५० खालचीच तरतूद आहे ती, त्यातून कोणाचीही सुटका नाही. त्यामुळे पाच हजार घेऊन आठ दिवसांत करून देणाऱ्याला हात जोडा. नोटीस चावडीवर लागते आणि 'आपली चावडी' या संकेतस्थळावर फेरफार क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख घरबसल्या दिसते.

थोरल्या आत्याला नोटीस मिळाली २८ एप्रिलला. तिचं सासर दुसऱ्या तालुक्यात, म्हणून उशीर. पंधरा दिवस म्हणजे १३ मे, आणि मोहिमेची मुदत १० मे. आम्ही हुकलो. ते पंधरा दिवस मी रोज त्या संकेतस्थळावर 'हरकत' हा रकाना उघडून बघायचो. आत्या हरकत घेईल असं मनापासून वाटत नव्हतं, तरी बघायचो. धाकट्या आत्याला तर नोटीसच नव्हती. जिचं नाव रेकॉर्डला नाही तिला नोटीस कोण पाठवणार? तिला मीच नोटिशीचा फोटो पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "तुमच्या चौघांच्या नावाला मी कशाला आडवी येऊ. माझं तेवढं बघ."

२० मे, मंगळवार. फेरफार मंजूर. त्याच रात्री पंधरा रुपये भरून सातबारा उतरवला. वडिलांचं नाव कंसात गेलेलं. खाली आजी, आई, मी, बहीण, आणि चौघांपुढे 'सामाईक क्षेत्र'. नावाला कंस करणं, म्हणजे उताऱ्यावरून नाव कमी करणं, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, गावात कोणीही सहज वापरतं. दोन उभ्या वळणांत ते नाव बघेपर्यंत मला त्याचा अर्थ लागला नव्हता.

सवयीनं मी त्या पीडीएफचा एसएचए-२५६ हॅश काढून वहीत टिपून ठेवला. दुसऱ्या दिवशी बहिणीसाठी तोच सातबारा पुन्हा उतरवला, पुन्हा हॅश काढला. वेगळा. घाबरून दोन्ही शेजारी ठेवले. नावं तीच, क्षेत्र तेच, पोटखराबा तोच. फरक फक्त खालच्या उतरवल्याच्या तारीख-वेळेत आणि पडताळणी क्रमांकात. म्हणजे कागदाचा ठसा घेऊन उपयोग नाही, त्यातल्या नोंदीचा घ्यायला हवा, आणि आमच्या नमुन्यात आम्ही पीडीएफचाच घेत होतो. सोमवारी ऑफिसात सांगितलं. ते दुरुस्त केलं. वारस नोंदीचा भाग अजून नमुन्यात नाही. मी मागितलाय. साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाला मरण दाखवायचं कसं?

खर्च विचाराल तर: डिजिटल उतारे सगळे मिळून बारा, १८० रुपये. नको असलेला मुद्रांक ५००. टायपिंग, झेरॉक्स, नकला मिळून सातशेच्या आसपास. पुण्याहून सात फेऱ्या, त्यातल्या दोन फोन केला असता तर वाचल्या असत्या. रजा सहा. शेतकरी ओळखपत्र आणि सोसायटीच्या कर्जाचं नूतनीकरण नाव लागल्याशिवाय होत नव्हतं, ती दोन्ही कामं नंतर आठवड्यात झाली.

उरलंय ते धाकट्या आत्याचं. भाऊसाहेब म्हणाले, उतरवणीतली चूक असल्यामुळे कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होईल. तिचा अर्ज, १९८७ च्या फेरफाराची नक्कल आणि मधल्या काळातले हाताचे सातबारे जोडायचे, आदेश तहसीलदारांचा. दोन्ही आत्यांना इतर हक्कातून वर, कब्जेदार सदरी यायचं असेल तर त्याचा अर्ज निराळा. थोरली म्हणते, आधी धाकटीचं होऊ दे. हाताच्या सातबाऱ्यांच्या नकलेचा अर्ज काल दिला. पुढच्या शुक्रवारी बोलावलंय. या वेळी आधी फोन करून जाणार.